जवळची वाट

वाण्याकडे लोक जसे सुटे पैसे मागायला जात, तसे मराठीच्या प्राध्यापकाकडे प्रतिशब्द मागायला येतात. सुट्या पैशांची गरज आता मोबाईलने संपवली; प्रतिशब्दांची मागणी मात्र अजून टिकून आहे. परवा आमच्या आळीतले एक निवृत्त बँक अधिकारी फाटकातूनच विचारते झाले, "सर, ब्राउझरला न्याहाळक म्हणतात असे वाचले. मग टॅबला काय म्हणायचे?" मी म्हणालो, "टॅबच म्हणा." त्यांचा चेहरा जरा उतरला. फुकट मिळणाऱ्या सल्ल्यालाही काही वजन असावे अशी माणसाची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. फाटकात उभ्याउभ्या ते वजन देता आले नाही, म्हणून या दिवाळीच्या पानांवर देतो. संपादकांनी एरवीपेक्षा जागाही जरा सैल दिली आहे.

संगणकाचा ज्यांना फारसा सराव नाही त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा. इंटरनेटवरची पाने पाहण्याची जी खिडकी, ती ब्राउझर. एकाच खिडकीत एकामागे एक अनेक पाने उघडून ठेवता येतात, आणि प्रत्येक पानाची एक चिमुकली पट्टी वरच्या कडेला डोकावत असते. ती पट्टी म्हणजे टॅब. घरोघरी पूर्वी नाव-पत्त्यांची एक डायरी असे, आठवते? पानांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी कापलेल्या आणि प्रत्येक पायरीवर एक अक्षर. 'क'च्या पायरीवर बोट ठेवले की मधली सगळी पाने ओलांडून थेट काकांचा पत्ता निघायचा. कचेऱ्यांतल्या आणि ग्रंथालयांतल्या कार्डांनाही अशीच वर डोकावणारी शेंडी असते. इंग्रजीत तिलाच टॅब म्हणतात, आणि संगणकाने शब्द तिथूनच उचलला.

पण कळफलकावर, डाव्या हाताला, टॅब नावाची एक कळही आहे. तिचा या शेंडीशी जन्माचा काही संबंध नाही. ती टाइपरायटरच्या घराण्यातली. आकड्यांचे रकाने नीट एकाखाली एक यावेत म्हणून टाइपरायटरला 'टॅब्युलेटर' जोडलेला असे. कळ दाबली की गाडा सरकून ठरल्या रकान्यापाशी जाऊन थांबे. टॅब्युलेटरचा झाला टॅब. म्हणजे एकाच नावाची दोन माणसे दोन वेगळ्या गावांची. त्यांची गाठ संगणकावर पडली, आणि आता डाव्या करंगळीने कंट्रोलची कळ दाबून ठेवून टॅबची कळ दाबली की शेंडीवाला टॅब एक घर पुढे सरकतो. आडनावबंधूंनी एकमेकांच्या उपयोगी पडावे तसा हा प्रकार. अशा शब्दाला संस्कृत प्रतिशब्द देऊन त्याची ही मौज कशाला घालवायची?

ही सोय फार जुनी नाही. आरंभी प्रत्येक पानाला स्वतंत्र खिडकी लागे, आणि दहा पाने उघडली की पडद्याखालच्या पट्टीवर दहा खिडक्यांची दाटी होई. २००१ साली मोझिलाने आणि त्याच्या आगेमागे इतर काही ब्राउझरांनी टॅबची रीत रुळवली. २००६ साली इंटरनेट एक्सप्लोररची सातवी आवृत्ती आली तीत टॅब आले, आणि मग ते घरोघरचे झाले. यंत्र नवे, पण हौस मात्र पुरातन. १५८८ साली ॲगोस्टिनो रामेल्ली या इटालियन यंत्रज्ञाने पॅरिसमध्ये यंत्रांचे एक सचित्र पुस्तक छापले. त्यात पाणचक्कीच्या चाकासारखे एक मोठे लाकडी चाक दाखवले आहे. चाकाच्या परिघावर पुस्तके उघडी मांडलेली, समोर वाचक आरामात बसलेला. चाक फिरवले की पहिला ग्रंथ वर जातो आणि दुसरा पुढ्यात येतो. दातेरी चाकांची योजना अशी की एकही पुस्तक खाली पडत नाही. चारशे वर्षांपूर्वीचे हे कंट्रोल-टॅबच म्हणायचे. फरक एवढाच, की ते ठेवायला वाडा लागला असता.

वाडा नसला, चाक नसले, तरी एकावेळी अनेक ग्रंथ जवळ बाळगता येतात, याचे उदाहरण आमच्या नगरातच आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. जुन्या जिभेवर 'नगर' अजून रेंगाळते, तिला क्षमा असावी. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडून येथल्या भुईकोट किल्ल्यात ठेवले. त्यांतल्या जवाहरलाल नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. पाच हजार वर्षांचा देश, आणि लिहिणारा चार भिंतींत. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या अकरा सोबत्यांचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे, आणि मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव व असफ अली यांचे ऋण विशेष मानले आहे. अरबी-फारसी परंपरेविषयी विचारायचे तर मौलाना होते, बौद्ध दर्शनाविषयी विचारायचे तर नरेंद्र देव होते. नेहरूंचे टॅब हाडामांसाचे होते. एकाकडून उठून दुसऱ्याकडे जायला व्हरांड्यातली चार पावले पुरत असतील, आणि चालताना मनातले वाक्य सांडत नसेल.

माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म त्या न सांडलेल्या वाक्यात आहे. कळा दाबून टॅब बदलले तर वेळ किती वाचतो, असे लोक विचारतात. खरे सांगायचे तर वेळ फार वाचत नाही. एका खेपेला सेकंद-दोन सेकंद. पण माउसने तेच काम करताना काय घडते ते पाहा. हात कळफलकावरून उचलायचा, माउस चाचपायचा, पडद्यावर बाण कुठे हरवला आहे तो हुडकायचा, नखाएवढ्या पट्टीवर तो नेमका टेकवायचा, आणि परत येऊन बोटे आपापल्या कळांवर बसवायची. तेवढ्यात मनात जुळत आलेले वाक्य निघून गेलेले असते. स्वयंपाकघरातून मीठ आणायला उठलेला माणूस रस्त्यात वर्तमानपत्र दिसले की मिठाशिवाय परततो, त्यातलीच गत.

तेव्हा ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी हा वानवळा. विंडोजवर चालणाऱ्या नेहमीच्या ब्राउझरांत या कळा सारख्याच आहेत. कंट्रोल आणि टॅब: पुढचे पान. त्यातच शिफ्ट मिळवली की मागचे. कंट्रोल आणि 'टी': नवे कोरे पान. कंट्रोल आणि 'डब्ल्यू': समोरचे पान बंद. कंट्रोल, शिफ्ट आणि 'टी': नुकतेच मिटलेले पान पुन्हा हजर. ही शेवटची कळ म्हणजे संसारात असायला हवी होती पण नाही, अशा वस्तूंपैकी आहे. आणि सर्वांत उपयोगाची गोष्ट आकड्यांची. कंट्रोल आणि १ दाबले की डावीकडून पहिले पान, २ दाबले की दुसरे, असे आठापर्यंत. ९ दाबले तर नववे नव्हे, सर्वांत शेवटचे पान येते. मग उघडी पाने नऊ असोत वा नव्वद.

आठापर्यंतच का? ज्यांनी हे ठरवले त्यांच्या मनात काय होते ते असो, पण मराठी वाचकाला आठ म्हटले की अष्टावधानी आठवल्यावाचून राहत नाही. सभेत पंडिताभोवती आठ पृच्छक बसतात. एक समस्या देतो, दुसरा अमुक अक्षर वर्ज्य करून श्लोक मागतो, तिसरा मध्येच भलत्याच गप्पा काढून व्यत्यय आणतो. पंडित प्रत्येकाला एकेक चरण देत फेरी पुरी करतो, आणि शेवटी सगळे श्लोक अखंड म्हणून दाखवतो. टाळ्या पडतात त्या त्याच्या चपळाईला. खरी कमाई असते ती स्मरणाची. कोणाचे काय बाकी आहे, कुठवर आले आहे, हे त्याच्या मनात क्रमाने लावलेले असते, म्हणूनच तो इतक्या वेगाने एकाकडून दुसऱ्याकडे वळू शकतो.

ही विद्या पाहायला सभेत जायला हवे असेही नाही. दिवाळीच्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात ती रोज पाहायला मिळते. चकल्यांचा सोऱ्या फिरवणे एवढेच खाते माझ्याकडे असल्यामुळे निरीक्षणाला सवड असते. एका शेगडीवर तेलात चकल्या, दुसऱ्या शेगडीवर रव्याच्या लाडवांसाठी पाक, डब्यात मुरत पडलेले अनारशाचे पीठ, गच्चीवर उन्हात चिवड्याचे पोहे, आणि कानाशी मोबाईलवर नणंदबाई. पण सौभाग्यवतींची नजर पाहिली तर ती फक्त दोन ठिकाणी असते, तेलावर आणि पाकाच्या तारेवर. पीठ आणि पोहे यांना थांबता येते हे तिला ठाऊक असते, आणि नणंदबाईंनाही थांबावे लागते. हळदीच्या डब्याकडे हात जातो तो न पाहता जातो. आत्ता लक्ष कशाला द्यायचे, थांबवायचे कशाला, आणि कोणती वस्तू कुठे आहे, ही तिन्ही उत्तरे मनात तयार असली की घाई न करताही काम झपाट्याने उरकते.

उलट, ही उत्तरे तयार नसताना नुसतीच पाने उलटली तर काय होते? आर्थर जर्सिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली हे तपासले होते. एकाच प्रकारचे काम सलग करायला दिले तर लागणारा वेळ, आणि दोन प्रकारची कामे आलटून पालटून करायला दिली तर लागणारा वेळ, असा ताळा त्याने मांडला. कामे तीच असूनही आलटापालटीत वेळ जास्त गेला. २००९ मध्ये सोफी लेरॉय या संशोधिकेने आणखी एक बारकावा दाखवला. हातातले काम अर्धवट टाकून दुसऱ्या कामाकडे वळले की लक्षाचा एक अंश पहिल्याच कामापाशी मागे राहतो. बोटे कंट्रोल-टॅबने क्षणात पुढच्या पानावर जातात. मन मात्र गावाकडच्या बसला लटकलेल्या पाहुण्यासारखे, एक पाय फळीवर आणि एक रस्त्यावर. कळ शिकल्याने बोटांचा प्रवास वाचतो. मनाचा प्रवास वाचवायचा तर पानेच थोडी उघडावी लागतात.

हे सगळे मी पुस्तकांत वाचले होते. पण ते प्रत्यक्ष पाहिले ते आमच्या विभागातल्या एका विद्यार्थ्यात, आणि हा लेख खरे तर त्याच्यासाठी आहे.

मुलगा पाथर्डी तालुक्यातला. आईवडील हंगामात ऊसतोडीला जाणारे. जन्मापासून त्याला दृष्टी नाही. आमच्याकडे एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि ज्ञानेश्वरीतल्या शेतीविषयक शब्दांवर प्रबंधिका लिहीत होता. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आमच्याच जिल्ह्यात, नेवाश्याला, शके १२१२ मध्ये. तेव्हा विषय घरचा होता. विभागातल्या संगणकावर तो दुपारी बसायचा. माउस काढून बाजूला ठेवायचा, कारण ज्याला बाण दिसत नाही त्याला माउस काय कामाचा? संगणकात एनव्हीडीए नावाची एक आज्ञावली होती. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांची ही करामत. २००६ साली करन यांनी काम सुरू केले, तेह त्यांना येऊन मिळाले, आणि आज ती जगभर फुकट मिळते. पडद्यावर जे असेल ते ती बोलून दाखवते. मराठीही बोलते, जरा यंत्राच्या थाटात. कंट्रोल-टॅब दाबले की नव्या पानाचे शीर्षक कानात पडते. 'एच' दाबले की पुढचा मथळा, 'बी' दाबले की पुढचे बटण, टॅब दाबला की पुढचा दुवा किंवा अर्जातली पुढची चौकट. तो हे सारे इतक्या वेगाने ऐकायचा की मला त्यातून फक्त पावसाची रिपरिप ऐकू यायची.

एकदा मी त्याच्याशेजारी बसून त्याची पाने मोजली. सहा होती. पहिले ज्ञानेश्वरीचे. दुसरे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे. १८५७ सालची ती मुंबईची आवृत्ती आता शिकागोच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिसरे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे. चौथे स्वतःच्या टिपणांचे, पाचवे पत्रव्यवहाराचे, सहावे त्या दिवशीच्या एखाद्या कामाचे. क्रम कधी बदलायचा नाही. शब्द अडला की कंट्रोल-२, मोल्सवर्थ. समाधान झाले नाही की कंट्रोल-३, दाते. उतरवून घ्यायला कंट्रोल-४. एखाद्या जुन्या वाड्यात अंधारात वावरणाऱ्या घरच्या माणसासारखी त्याची बोटे फिरायची.

मी विचारले, "अरे, सहाच का? आमच्या मुलांचे तर पन्नास-पन्नास उघडे असतात."

तो म्हणाला, "सर, त्यांना दिसतं म्हणून ते उघडे ठेवतात. मला लक्षात ठेवावं लागतं."

व्याकरणाच्या तासाला इतके नेमके वाक्य मला क्वचितच ऐकायला मिळाले आहे. पन्नास टॅब उघडे ठेवणाऱ्याच्या पट्ट्या शेवटी इतक्या आकसतात की नावही वाचता येत नाही. डोळे असून काय उघडले आहे ते कळत नाही. याच्यापाशी सहा होती आणि सहाही त्याच्या मुठीत होती. त्याच्याकडून मी या कळा शिकलो. विद्यार्थ्याकडून शिकण्यात एक सुख असते; परीक्षेची धास्ती नसते.

आपण या कळांना शॉर्टकट म्हणतो, मराठीत जवळची वाट. ज्याच्यापुढे हमरस्ता मोकळा आहे त्याच्यासाठी ती जवळची वाट. जमले तर जावे, नाही तर रस्ता आहेच. या मुलाला तोच हमरस्ता. दुसरा रस्ता त्याच्यासाठी कोणी बांधलेलाच नाही. आणि हमरस्त्यावर दरड कोसळली तर काय होते, तेही मी पाहिले.

एका शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. शेवटचा दिवस. अंधांना लेखनिक मिळतो तो परीक्षेला. अर्जाला कोण देणार? पण त्याला लेखनिक नकोच होता. संध्याकाळी विभागात बसून त्याने एकट्याने अर्ज भरायला घेतला. शिपाईमामा कुलूप हातात घेऊन दारात उभे. पहिल्या पानावर अर्ज, दुसऱ्यावर गुणपत्रके, तिसऱ्यावर उत्पन्नाचा दाखला, चौथ्यावर बँकेचा तपशील. एक चौकट ऐकायची, आकडा आणायला दुसरीकडे जायचे, परत येऊन भरायचा. मी तपासून पाहिले. अनुस्वारसुद्धा जागच्या जागी होते. पाऊण तासात अर्ज पुरा झाला. टॅब दाबत दाबत तो तळाशी आला आणि थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला.

तळाशी एक चित्र होते. वेडीवाकडी अक्षरे, त्यांवरून ओढलेल्या रेघा, आणि खाली सूचना: चित्रातली अक्षरे भरा, म्हणजे तुम्ही यंत्र नसून माणूस आहात याची खात्री होईल. याला कॅप्चा म्हणतात. यंत्रांनी खोटे अर्ज भरू नयेत म्हणून हा पहारा, आणि हेतू चांगला आहे. पण चित्र बोलत नाही. आवाजात ती अक्षरे ऐकवण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते; या ठिकाणी नव्हती.

मुलगा हसला आणि म्हणाला, "सर, मी माणूस असल्याचा जरा दाखला देता का?"

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी शेकडो झेरॉक्स प्रतींवर 'सत्यप्रत' असे लिहून सही-शिक्का केलेला आहे. असला दाखला मात्र कोणी मागितला नव्हता. मी अक्षरे वाचली, त्याने ती टाइप केली, अर्ज गेला. शिपाईमामांनी कुलूप लावले. बाहेर येताना तो नेहमीसारखा मोल्सवर्थमधल्या कुठल्याशा शब्दाबद्दल बोलत होता. मला मात्र त्याचे ते वाक्य सोडवेना. ज्या पोराने शेतीच्या शब्दांसाठी सातशे वर्षांची मराठी बोटांवर खेळवली, त्याला आपले माणूसपण सिद्ध करायला शेजारी एक डोळस इसम लागावा? आणि त्या संध्याकाळी विभागाला आधीच कुलूप लागलेले असते तर?

बरे, हा काही कोणाला न सुचलेला प्रश्न आहे असेही नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने सर्वांना वापरता येतील अशी पाने कशी करावीत याचे मार्गदर्शन १९९९ सालीच प्रसिद्ध केले. पानावरचे प्रत्येक काम माउसविना, नुसत्या कळफलकाने करता आले पाहिजे, ही त्यातली एक मूलभूत अट आहे. आपल्याकडे २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या, म्हणजे जगण्याच्या, हक्काचा भाग आहे. नियम आहेत, कायदा आहे, निकालही आहे. उणीव आहे ती पान करून झाल्यावर माउस बाजूला ठेवून एकदा ते वापरून पाहण्याची.

ते पाहणे अवघड नाही, आणि म्हणूनच हा विषय दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्या घरी आणला आहे. आपल्यापैकी कोणाच्या सोसायटीचे संकेतस्थळ असते, कोणी शाळेच्या संचालक मंडळावर असतात, कोणाचे दुकान आता ऑनलाइन चालते, कोणाची मुले पुण्या-बंगळुराला बसून ही पानेच तयार करतात. सुट्टीत घरी आलेल्या त्या मुलामुलींना एवढेच सांगा: माउस पाच मिनिटे खणात ठेव, आणि नुसत्या टॅब, शिफ्ट आणि एंटरच्या कळांनी तुझा अर्ज शेवटपर्यंत भरून दाखव. आता कुठल्या चौकटीत आहोत ते दिसते का? एखादे बटण टॅबच्या वाटेत येतच नाही असे होते का? प्रत्येक पानाचे शीर्षक वेगळे आहे, की दहाही टॅबांवर 'मुख्यपृष्ठ'च लिहिले आहे? चित्राच्या पहाऱ्याला आवाजाची खिडकी आहे का? या चार प्रश्नांना पदवी लागत नाही. आमचे निवृत्त बँक अधिकारीसुद्धा ते विचारू शकतील, आणि टॅबला प्रतिशब्द शोधण्यापेक्षा त्यात त्यांचा वेळ अधिक बरा जाईल.

या कळा आपणही शिकाव्यात. वयाची अडचण नाही. आठवडाभर रोज दहा मिनिटे बोटे चुकतमाकत चालली की पुढे त्यांची त्यांना वाट सापडते. पाने आठाच्या आत ठेवावीत, क्रम ठरवून ठेवावा. याने काम सुकर होईल, सांडणारी वाक्ये थोडी कमी सांडतील. त्याहून मोठा लाभ असा, की ज्या वाटेने आपण कधीमधी जाऊ, त्या वाटेवरचा खड्डा आपल्याही पायाला लागेल. रहदारी वाढली की रस्ता दुरुस्त होतो, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. चार डोळस माणसेही या वाटेने नित्य जाऊ लागली, तर तिथे पडलेला धोंडा उचलायला कोणीतरी लवकर येईल.

त्या मुलाची शिष्यवृत्ती मंजूर झाली. प्रबंधिकाही पुरी झाली, आणि तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना त्याने एका शब्दाच्या अर्थावरून चांगले वीस मिनिटे अडवून धरले. आता तो नेटच्या परीक्षेची तयारी करतो आहे. उद्या कुठल्यातरी महाविद्यालयात तो माझा समव्यवसायी होईल आणि त्याच्याही दाराशी लोक प्रतिशब्द मागायला येतील. दाखले मागायलाही येतील. ते तो खुशाल देईल. त्याला स्वतःला मात्र तोवर कोणाकडे मागायला लागू नयेत.